उशाकडचा पाय

ऐक, आधी फक्त ऐकून घे, मधे तोंड घालू नकोस, नाहीतर माझी गाडी घसरेल. ती नंबरवाली आहे ना, चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढते ती, दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसायचं, समोरच्याच्या नाकावर ती जड गोल फ्रेम चढवायची, तिच्यात एक काच घालायची, काढायची, दुसरी घालायची आणि विचारायचं, हे बरं की आधीचं, हे बरं की आधीचं. तर ती त्या दिवशी दुकान सुटल्यावर नेहमीच्या बसनं घरी चालली होती. खिडकीची जागा मिळालेली, निळा स्वेटर गळ्यापर्यंत ओढलेला, डोकं काचेला टेकलेलं आणि डोक्यात काही म्हणजे काही नाही. वाटेत तिच्या आईवडिलांच्या बिल्डिंगसमोरचा थांबा लागतो. रोजच लागतो. रोज ती तिथं मान वर करून त्यांची खिडकी बघते, आत दिवा दिसला की सगळं ठीक आहे असं धरून चालते, रविवारी जायचंच आहे असं मनाशी म्हणते, तोवर बस पुढं गेलेली असते. त्या दिवशी मान वर करायच्या आधीच तिचं लक्ष खाली गेलं, आणि थांब्याच्या बाकावर आई बसलेली. हातात पिशवी नाही, पर्स नाही, एवढा गार वारा सुटलेला पण अंगात कोट नाही, पायात घरातल्या सपाता. कुणाची वाट बघणारं माणूस कसं रस्त्याच्या वळणाकडं बघत असतं, तसंही नाही. नुसती बसलेली. बस नेमकी तिच्या पुढ्यात उभी राहिली, दार उघडलं, आतला उजेड तिच्या गुडघ्यांवर पडला. आईनं त्या उघड्या दाराकडं असं बघितलं की जसं कुणी तिचं नाव घेऊन हाक मारलीये. दोन्ही हात बाकावर टेकले, जरा उठली, अर्धीच, आणि परत बसली. आणि आपल्या नंबरवालीनं काय करावं? तिनं मान खाली घातली. मोबाइल काढला आणि त्यात तोंड खुपसलं, स्क्रीन बंदच होती, त्या काळ्या काचेत स्वतःचंच नाक बघत बसली. दार लागलं. बस सुटली.

आता तू म्हणशील, का पण? तिलाही तेच कळेना. म्हणजे कळत होतं, पण ते इतकं छोटं होतं की त्याला कारण म्हणायची लाज वाटत होती. उतरली असती तर वर जावं लागलं असतं. वर गेलं की बाबा. बाबा म्हणजे लिफ्टचे मेकॅनिक, आडदांड माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांच्या बिल्डिंगा वर-खाली करून दिल्या, आणि वर्षभरापूर्वी एका सकाळी दाढी करता करता उजवी बाजू गेली. तेव्हापासून पलंगावर. बोलता येत नाही, एकच शब्द राहिलाय, बरं. पाणी हवं असलं तरी बरं, कूस दुखली तरी बरं, लेक आली की बरं, लेक निघाली की बरं. त्यांना उचलायचं, कुशीवर वळवायचं, पुसायचं, बदलायचं, मिक्सरमधून काढलेलं चमच्यानं भरवायचं, आणि हे सगळं आई करते, एकटी, तिच्या वजनाच्या दुप्पट माणसाचं. मग उतरली असती तर आख्खी संध्याकाळ गेली असती, आणि तिला फक्त आपल्या घरी जाऊन पाय वर करून पडायचं होतं. एवढंच. आत्ता नको, असं तिच्या मनात आलं, अगदी त्याच शब्दांत, आणि ते आलं हे तिला दिसलं, आणि तरी मान खालीच. पुढचा थांबा आल्यावर एकदम तिच्या लक्षात आलं, की आई खाली आहे तर वर कोण आहे? आई त्यांना एकटं टाकून कधी जिन्यापर्यंतसुद्धा जात नाही. मग तिनं फोन लावला. वाजला, वाजला, बराच वेळ वाजला आणि मग आईनं उचलला, धाप लागलेली. कुठं होतीस? इथंच की, कुठं जाणारे मी. बाबा? आहेत ना, देऊ का त्यांना? आणि मागून बाबांचा आवाज, बरं. झालं. फोन ठेवला. दोघी एकमेकींशी खोटं बोलल्या आणि दोघींचं भागलं.

पण भागतं कुठं? दुसऱ्या दिवशी त्या अंधाऱ्या खोलीत कुणाच्याही डोळ्यांपुढं काच धरली की तिला ती अर्धवट उठलेली आई दिसायची. हे बरं की आधीचं? आधीची आई कोणती, हेच आठवेना. एक आठवली. सकाळी खिडकीशी खुर्ची ओढून बसलेली, मांडीवर तिचं ते कापडी पुठ्ठ्याचं प्रार्थनेचं पुस्तक, ओठ हलतायत, आवाज नाही. तेवढ्या वेळात घरात कुणी हाक मारायची नाही. बाबासुद्धा पाण्याचा नळ हळू सोडायचे. त्या पुस्तकावर काही ठेवायचं नाही हा घरातला कायदा; चावी नाही, चष्मा नाही, काही नाही. आणि ही, सहा-सात वर्षांची असेल, पाणी पिऊन ओला ग्लास तिनं नेमका त्यावरच ठेवला. आई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं ग्लास उचलला, पदरानं पुस्तक टिपलं, खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात उघडून ठेवलं आणि दिवसभर कुणाशीच बोलली नाही. पुठ्ठ्यावर गोल डाग राहिला तो राहिलाच. पुढं किती वर्षं तो डाग दिसला की हिच्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. तर त्या खोलीत, एका आजोबांच्या डोळ्यावर काच धरलेली असताना, तिला एकदम वाटलं, तेच. आईला तेच परत द्यायचं. देवाचं पुस्तक. ती खिडकीतली सकाळ. आणि बघ हां, असं वाटल्याबरोबर तिला इतकं हलकं वाटलं की आजोबांनी विचारलं, ताई, बरा नंबर आला का? कारण पुस्तक घ्यायला दुकानात जावं लागतं. वर जावं लागत नाही.

धार्मिक पुस्तकांचं दुकान तिच्या दुकानाच्या मागच्याच गल्लीत. आत तो वास, नव्या कागदाचा आणि जुन्या मेणबत्त्यांचा, आणि काउंटरवर एक बाई, केस आवळून बांधलेले, बोलणं एकदम औषधाच्या दुकानातलं. कुणासाठी? आईसाठी. आजारी आहेत का? नाही. कुणी गेलंय? नाही, नाही. मग? नंबरवाली म्हणाली, दमलीये. दमली म्हणजे, पार, म्हणजे तिच्या अंगावर सगळं कोसळलंय असं. बाई म्हणाल्या, दमलेल्यांचं त्या खिडकीजवळ, खालचे दोन कप्पे. खरंच होते, सांगते काय, वर पट्टी लावलेली. आजाऱ्यांचं वेगळं, शोकातल्यांचं वेगळं, परीक्षेला बसणाऱ्यांचं वेगळं, दमलेल्यांचं वेगळं. ती खाली उकिडवी बसली. पहिलं काढलं, दमलेल्या आईसाठी रोज पाच मिनिटं. मुखपृष्ठावर वाफाळता कप आणि फुलं. आजच्या तारखेचं पान काढलं. आज लेकरू दुपारी झोपलं की थोडा वेळ स्वतःकडे पाहा, देव तुमच्याकडे पाहतोच आहे. लेकरू. बाई काउंटरवरून म्हणाल्या, ते छान आहे, पहिलं बाळ का? ही म्हणाली, मीच बाळ आहे. बाई हसल्या नाहीत. दुसरं काढलं, सोनेरी कडांचं, विटेएवढं जाड. त्यात आजचं पान म्हणत होतं, तुझ्या खांद्याला पेलेल तेवढंच ओझं तुला मिळालं आहे. तिनं ते एकदा वाचलं, परत वाचलं, आणि तिला वाटलं हे लिहिणाऱ्याला घरी नेऊन एकदा बाबांना कुशीवर वळवून दाखव म्हणावं. ठेवलं. तिसऱ्यात मधे मधे कोऱ्या ओळी होत्या, आज मी कशासाठी कृतज्ञ आहे ते लिहा. आई पेन शोधेल. पेन सापडणार नाही. मग पेन सापडलं नाही याचंच तिला वाईट वाटेल. ठेवलं. गुडघ्यांना रग लागली, मुंग्या आल्या, आणि ती एकामागून एक पुस्तकं काढत होती, उघडत होती, मिटत होती, हे बरं की आधीचं, आणि प्रत्येक पुस्तकात एक बाई होती जिला पाच मिनिटं होती. तिची आई कुठल्याच पुस्तकात नव्हती. तरी ती उठेना. शोधत राहिलं की निदान काहीतरी चाललंय.

शेवटी मिळालं एक. पातळ, मऊ पुठ्ठ्याचं, राखाडी, आठवड्याला एकच पान, एका पानावर चार ओळी, आणि अक्षर मोठं. अक्षराच्या बाबतीत ती कुणाचं ऐकणार नाही, धंदाच तो. हात लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं, आईचा जुना चष्मा असला तरी वाचता येईल, चष्मा नसला तरी येईल. वजनाला काही नाही, उशीखाली राहील, स्वयंपाकघरात ओट्यावर राहील. या आठवड्याचं पान म्हणत होतं, बसून राहा. तुला कुठेही जायचं नाही. आता एवढं वाचल्यावर ती खरं तर दचकायला हवी होती. पण तिला भरूनच आलं, तिथंच, दमलेल्यांच्या कप्प्यापुढं. बाईंनी कागदात बांधून दिलं, वर फीत लावली, म्हणाल्या, पातळ आहे, पण चांगलं आहे. आणि रविवारपर्यंत ती इतकी खूश होती की दुकानातल्या पोरींनी विचारलं, काय गं नंबरवाली, कुणी भेटलं की काय?

रविवारी दुपारी गेली. आईनं दार उघडलं ते एका हातानं, दुसऱ्या हातात बाबांची ओली बनियन. आलीस, बरं झालं, पायपुसणं सरकव तेवढं. घरात तोच वास, औषधाचा, पावडरीचा, उकडलेल्या कशाचा तरी. बाबा पलंगावर, पण काहीतरी वेगळं होतं, पलंग उशाकडून उंच झालेला आणि एका अंगाला कललेला, बाबा भिंतीकडं घसरत चाललेले, जसं काही पलंग त्यांना हळूहळू ओततोय. हिला बघून म्हणाले, बरं. हिनं त्यांचे केस सारखे केले आणि पाकीट आईच्या हातात दिलं. हे काय? उघड तर. आईनं हात पुसले, फीत सोडली, कागद नीट घडी घालून बाजूला ठेवला, आणि पुस्तक बघितलं. म्हणजे नाव नाही बघितलं. उघडलंही नाही. आडवं धरलं आणि अंगठा आणि बोट यांच्यात दाबून त्याची जाडी बघितली. पातळ आहे गं, म्हणाली. हिला वाटलं आई वाचायला कमी आहे म्हणतेय, म्हणून ही घाईघाईनं सांगायला लागली की मुद्दाम पातळ घेतलं, तुला वेळ नसतो, आठवड्याला एकच पान, आणि अक्षर बघ. आई हो हो म्हणत होती. मग म्हणाली, चल, हात लाव जरा, तू आहेस तोवर उरकून टाकू. आणि पलंगावरून लोंबणारी चादर वर केली.

उशाकडच्या दोन्ही पायांखाली पुस्तकं होती. एका पायाखाली दोन, एका पायाखाली तीन. सोनेरी कडा. वाफाळता कप आणि फुलं. तेच कप्पे, अगं, तीच सगळी दमलेल्यांची पुस्तकं, पलंगाच्या पायाखाली चेपून बसलेली. आई सांगत होती, अगदी सरळ, भाजीला काय आणायचं ते सांगावं तसं. डॉक्टर म्हणाले उशाकडची बाजू उचला, नाहीतर ठसका लागून छातीत जाईल. सुतार येतो म्हणाला, आला नाही. तुझा दादा तिकडून म्हणाला मी ठोकळे मागवतो, ते येतायत अजून. मग काय करू? हे जाडजूड दादानं पाठवलेलं, हे मावशीचं, हे खालच्या मजल्यावरच्या बाईंचं, हे यांना व्यायाम द्यायला येते त्या मुलीचं. ज्याला त्याला वाटतं मला देव कमी पडतोय. आणि हसली. खरंच हसली, दात दिसले. बाबा म्हणाले, बरं. नंबरवाली वाकली होती, आणि तिला अलीकडच्या पायाखाली सगळ्यात तळाशी एक कापडी पुठ्ठा दिसला. त्यावर गोल डाग. पलंगाचा सगळा भार, बाबांचा सगळा भार, वरच्या दोन पुस्तकांतून त्या डागावर. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आई, तुझं पुस्तक. हो, म्हणाली आई, ते सगळ्यात आधी लावलं, तेवढंच पटकन हाताला आलं, ठसका थांबेना ना तेव्हा. लावलं, ते जरा निवांत झाले, आणि मी खाली जाऊन बसले थोडा वेळ. थांब्यावर. उचल, भिंतीकडची बाजू कमी आहे, त्यात सारते तुझं.

नंबरवालीनं पलंगाची कड धरली. उचलला तेव्हा बाबा वर आले, त्यांचा चेहरा तिच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ, एक डोळा ओला, एक कोरडा. आई खाली गुडघ्यांवर होती, आवाज पलंगाखालून आला. त्या दिवशी तू बसमध्ये होतीस ना? हिनं कड आणखी घट्ट धरली. कधी? निळा स्वेटर, खिडकीशी. मी म्हटलं, उतरेल. माझं लक्ष नव्हतं गं आई. नसेल, म्हणाली आई. त्या नसेलमध्ये राग नव्हता, टोमणा नव्हता, काही म्हणजे काही नव्हतं, आणि म्हणूनच हिला वाटलं आपण इथंच पलंगासकट खाली बसावं. सोड आता, हळू. तिनं सोडला. पुस्तक दबलं. पलंग थोडा सावरला, पण पुरता नाही, बाबा अजून जरासे भिंतीकडंच. आईनं लांब उभं राहून बघितलं, मान तिरकी करून, आणि म्हणाली, चालेल. मग आत गेली, हात धुतले, केसांवरून कंगवा फिरवला, कोट घातला. मी जरा खाली जाऊन येते. त्यांना भरवून घे, घाई करू नकोस, एक चमचा गिळला की मगच दुसरा. कोट घातला, बूट घातले, ते हिनं बघितलं. बघितलं आणि म्हणाली, ये जाऊन, निवांत ये. आई दारात थांबली, बाबांकडं बघितलं. जाते हं, म्हणाली. बाबा म्हणाले, बरं.

वाटी मांडीवर, चमचा हातात, आणि खिडकी समोरच. बाक दिसत होता, बाकावर आई दिसत होती, वरून बघताना फक्त भांग आणि कोटाचे खांदे. एक चमचा. बाबांनी तोंडात धरला, धरून ठेवला, गिळायला त्यांना किती वेळ लागतो हे हिला त्या दिवशी कळलं, रविवारच्या रविवारी येऊन कधी कळलंच नव्हतं, कारण ती यायची तोवर भरवून झालेलं असायचं. बस आली. थांबली. आता बाक दिसेना, नुसती बसची पाठ. तोंडात घास असताना त्यांना सोडून उठायचं नाही हे आईनं शंभरदा सांगितलेलं. खिडकी उघडून हाक मारायची म्हटलं तरी चार पावलं, आणि बाबांच्या घशात काहीतरी घरघरत होतं. ती बसूनच राहिली. गिळा बाबा, गिळा ना. तिला त्या पानावरचं आठवलं, बसून राहा, तुला कुठेही जायचं नाही, आणि ते कुणासाठी छापलं होतं ते आत्ता कळलं. बाबांनी गिळलं. बस गेली. बाकावर कुणी नव्हतं.

आणि सांगू, तिच्या मनात पहिलं काय आलं ते? आई गेली असं नाही आलं. उद्या दुकानाला काय सांगू, असं आलं. तेच, आत्ता नको, त्याच आवाजात. मग तिनं आईला फोन लावला तर तो स्वयंपाकघरात ओट्यावर वाजला. जिन्यात पाऊल वाजलं की ती कान द्यायची, पाऊल खालच्याच मजल्यावर थांबायचं. दिवे लागले रस्त्यावरचे. तिनं बाबांना एकटीनं वळवायला बघितलं, जमलं नाही, दोघंही मधेच अडकून तशीच पडून राहिली, तिचा गाल त्यांच्या खांद्याला, आणि तिला आईच्या कमरेची आठवण झाली, म्हणजे आईची कंबर दुखते हे आई म्हणायची ते. आणखी दोन बस येऊन गेल्या असतील. कुणी उतरलं नाही. तेवढ्यात दादाचा फोन, त्याचा रविवारचा, तो लांब दुसऱ्या शहरात, दर रविवारी न चुकता याच सुमाराला करतो. काय गं, पोचलीस का, आई कुठाय, दे तिला. नंबरवालीनं खिडकीतून बाकाकडं बघितलं. झोपलीये, म्हणाली. या वेळेला? हो, गाढ. उठव की, दोनच मिनिटं. नको रे, उठवत नाही. दादा एकदम मऊ आवाजात म्हणाला, झोपू दे बिचारीला. बाबा कसेत? हिनं फोन त्यांच्याकडं धरला, बाबा म्हणाले, बरं. आणि ऐक, म्हणाला, मी पाठवलेलं ते पुस्तक वाचते का गं ती? हिनं खाली बघितलं, चादर वरच राहिली होती. वापरते, म्हणाली.

तिच्या घरच्या बसची वेळ परत झाली होती, आणि पलंगावर बाबा. आता सांग, तिच्या जागी तू काय केलं असतंस?